प्रयोगरचनेचा अधिकार

सहावी, सातवी आणि आठवी या इयत्तांतील मुलामुलींनी विज्ञानाचे प्रयोग स्वतःच्या हातांनी करावेत, हे म्हणणे आता कोणास नवे वाटणार नाही. शिक्षणखात्याच्या परिपत्रकांत, पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनांत आणि बक्षीससमारंभांतील अध्यक्षीय भाषणांत ते इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला विरोध करणारा मनुष्य शोधूनही सापडू नये. प्रस्तुत लेखनाचा आग्रह त्याहून पुढचा आणि म्हणून काहीसा अडचणीचा आहे. मुलांनी करावयाचा प्रयोग मुलांनीच रचावा. म्हणजे प्रश्न त्यांचा असावा, कोणती गोष्ट बदलावयाची आणि कोणत्या तशाच ठेवावयाच्या याचा निर्णय त्यांचा असावा, मोजमाप कशाने घ्यावयाचे हे त्यांनी ठरवावे, आणि निघालेल्या अनुमानाची जबाबदारीही त्यांनीच उचलावी, असे आमचे मत आहे. हे मत सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील शाळा नजरेसमोर ठेवून मांडावयाचे असल्यामुळे पुढील विवेचनात या मुलखातील नांगर, हळद, पाऊस आणि पेवे यांचा उल्लेख वारंवार येईल, याची आगाऊ सूचना दिलेली बरी.

दोन जिल्हे एकत्र घेण्याचे कारण सरकारी दप्तरातच आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर जुन्या सातारा जिल्ह्यातील दक्षिणेकडचा भाग आणि सांगली, मिरज, जत इत्यादी संस्थानांचे प्रदेश मिळून १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ नावाचा जिल्हा मुकर्रर झाला व १९६० साली त्याचे नाव सांगली असे झाले. कचेऱ्या वेगळ्या झाल्या, तरी कृष्णा दोन्हीकडची एकच राहिली, आणि शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत येण्यापूर्वीच ज्या गोष्टी ठाऊक असतात त्याही दोन्हीकडे पुष्कळशा सारख्याच राहिल्या.

आपल्या शाळांतून प्रयोग होतच नाहीत, असा आरोप करणे अन्यायाचे होईल. ते होतात, परंतु ज्या पद्धतीने होतात तिला प्रात्यक्षिक हेच नाव शोभते. शिक्षक मेजावर परीक्षानळी आणि चंचुपात्र मांडतात, पहिल्या दोन बाकांवरील मुलांस काय चालले आहे ते दिसते, उरलेल्यांस ते ऐकू येते, आणि मग साहित्य, कृती, निरीक्षण व अनुमान अशा चार मथळ्यांखाली सगळ्या वर्गाच्या वह्यांत एकच मजकूर उतरतो. या चौघांपैकी अनुमान हे सर्वांत अखेरीस लिहिले जात असले, तरी वर्गात ते सर्वांच्या आधी हजर असते. कारण पुस्तकात ते छापलेले आहे आणि प्रयोग त्याच्याशी जुळला नाही तर प्रयोग चुकला असे समजण्याचा शिरस्ता आहे. ज्या प्रयोगाचा निकाल त्याच्या आरंभापूर्वी जाहीर झालेला असतो तो पाहून मुलाला गंमत वाटेल, क्वचित विषयाची गोडीही लागेल, परंतु निसर्गाला प्रश्न कसा विचारावा हे त्याला त्यातून कळणार नाही.

याचा एक दाखला सविस्तर पाहण्यासारखा आहे. पाणी ओतलेल्या बशीत पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला म्हणजे थोड्याच वेळात ज्योत विझते आणि पाणी पेल्यात वर चढते. हवेत प्राणवायू सुमारे एक पंचमांश असतो, तो ज्वलनात खर्च झाला, रिकाम्या झालेल्या जागेत पाणी शिरले, असे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जात आहे, आणि ते इतके नीटनेटके आहे की त्यावर संशय घेण्याची इच्छाच होत नाही. आता सातवीतील एखाद्या मुलीने विचारले की एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर काय होईल, आणि बाईंनी तिला उत्तर न देता मेणबत्त्या दिल्या, असे समजा. पेला तोच, पाणी तितकेच, बशी तीच. बदल एवढाच की ज्योती तीन. पेल्यात मावणारा प्राणवायू काही तिप्पट झालेला नाही. मग स्पष्टीकरण खरे असेल तर पाणी पूर्वीइतकेच चढावयास हवे. ते अधिक चढते. आणखी बारकाईने पाहणाऱ्यास असेही दिसते की पेला घालताना त्याच्या कडेखालून हवेचे बुडबुडे बाहेर पडतात, आणि पाण्याची मोठी चढाई ज्योत विझण्याच्या सुमारास व विझल्यानंतर होते, ज्योत जळत असताना फारशी होत नाही. म्हणजे ज्योतींच्या उष्णतेने हवा प्रसरण पावली, तिचा काही अंश निसटून गेला, उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावली आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत लोटले गेले, हे मुख्य कारण ठरते. प्राणवायू पुरता संपण्यापूर्वीच ज्योत विझलेली असते, आणि जो खर्च झाला त्याच्या जागी कर्बवायू व पाण्याची वाफ आलेली असते. ही मीमांसा ज्येष्ठ शास्त्रज्ञ सांगू शकतील यात नवल नाही. नवल हे की ती उघड करणारा प्रयोग बारा वर्षांच्या मुलीला, थोड्याशा पैशांच्या मेणबत्त्यांत, एका तासिकेत रचता येतो, फक्त तिला तशी मुभा हवी.

हे वय निवडण्यास मानसशास्त्राचाही आधार आहे. झां पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इन्हेल्डर यांनी मुलांपुढे दोरीला वजन बांधून केलेला लंबक ठेवला आणि त्याची आंदोलने जलद किंवा मंद कशामुळे होतात हे शोधून काढावयास सांगितले. लहान मुले वजनही बदलत, दोरीही आखूड करीत, ढकलण्याचा जोरही वाढवीत, आणि मग वजनामुळे फरक पडला असा निर्वाळा बेधडक देत. एका वेळी एकच गोष्ट बदलून बाकीच्या स्थिर ठेवण्याची युक्ती सामान्यतः अकराव्या-बाराव्या वर्षापासून पुढे दिसू लागते, असे त्यांना आढळले. वयाच्या या आकड्यांबद्दल पुढील संशोधकांनी पुष्कळ मतभेद नोंदवले आहेत आणि शिकवल्यास ही युक्ती लवकरही येते असे म्हटले आहे. तथापि ज्या काळात ती अंकुरू लागते नेमक्या त्याच काळात आपण मुलांच्या हाती तयार कृती देतो, हा विपर्यास मात्र दोन्ही पक्षांच्या मते विपर्यासच राहील.

आता या मुलखाच्या वारशाकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० साली कारखाना घातला. त्यांचे लोखंडी नांगर प्रारंभी खपेनात. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, ही हकीकत किर्लोस्करवाडीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या समजुतीला आज हसणे सोपे आहे, आणि आपली पाठ्यपुस्तके असे प्रसंग अज्ञानावर ज्ञानाचा विजय म्हणून सांगून मोकळी होतात. आमच्या मते ती समजूत चुकीची असली तरी परीक्षेस उतरवता येण्याजोगी होती, आणि तेवढ्यापुरती ती वैज्ञानिक विधानाच्या पंक्तीस बसते. सहावीतल्या मुलांना विचारावे, की तुम्ही त्या शेतकऱ्याची शंका कशी तपासाल? एका शेतातली माती दोन कुंड्यांत भरून एकीत गंजके खिळे पुरावेत, दोहोंत मटकी पेरावी, पाणी मापाने घालावे, असे उत्तर थोड्या वेळात निघते. मग कोणीतरी म्हणतो की एका कुंडीत एकच रोप मेले तर ते खिळ्यामुळे मेले की मुळातच कमजोर होते? तेव्हा कुंड्या दोनाच्या दहा होतात. मग आणखी कोणी म्हणतो, नांगर तर जमिनीत राहत नाही, तो चालून निघून जातो. तेव्हा खिळे पुरण्याची सारी योजनाच मूळ प्रश्नाला धरून आहे काय, याचा वाद सुरू होतो. हा वाद म्हणजेच प्रयोगरचना. कुंड्यांतली मटकी हे तिचे निमित्त.

अशा वादाची परंपरा या भागात शेतीने जपली आहे, शाळांनी नव्हे, हे थोडे बोचणारे सत्य आहे. साताऱ्याच्या दाभोलकर घराण्यातील श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी शेतकऱ्यांचा ‘प्रयोग परिवार’ उभारला. गणिताच्या या प्राध्यापकाची भूमिका अशी होती की शेतकऱ्याने तज्ज्ञाचा हुकूम तामील करण्याऐवजी आपल्याच रानात लहान प्रमाणावर तुलना करावी, नोंदी ठेवाव्यात आणि त्या इतरांना कळवाव्यात. तासगाव परिसरातील द्राक्षबागायतदारांनी ही भूमिका मनावर घेतली आणि महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीचा कायापालट होण्यात तिचा मोठा वाटा आहे. याच तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस या वाणातून निवड करून ‘तास-ए-गणेश’ हे वाण पुढे आणले. म्हणजे बाप आपल्या बागेत अर्ध्या ओळीला एक औषध आणि अर्ध्या ओळीला दुसरे मारून फरक पाहतो, आणि त्याच बापाचा मुलगा शाळेत जाऊन ‘अनुमान’ फळ्यावरून उतरवून घेतो. या दोहोंत जी भिंत उभी आहे ती पाडण्याची सोय खरे म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांनी फार पूर्वी करून ठेवली होती. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर यांच्या विक्रीसाठी गावोगाव हिंडलेल्या या पुरुषाने १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, आणि मुलांनी अंगमेहनत करून शिकावे हा दंडक घालून दिला. कमवा आणि शिका या योजनेचे गुणगान आपण श्रमप्रतिष्ठेपुरतेच करतो. हाताला काम असलेल्या मुलाच्या मनात प्रश्न कसे उपजतात हा तिचा दुसरा पैलू तितकासा कोणी उलगडून दाखविलेला नाही.

प्रश्न कोठून आणावेत, असे शिक्षक विचारतात. सांगलीच्या शिक्षकाने हे विचारू नये. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली टिपकागदाची पट्टी साबणाच्या पाण्याने तांबडी होते आणि लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळी होते, हे बहुतेक पुस्तकांत असते. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. पण पट्टी तांबडी करून दाखवणे हा आरंभ झाला. राखेचे पाणी घेतले तर? कढत पाण्यात कालवलेली राख आणि गार पाण्यात कालवलेली राख यांत फरक पडतो काय? हळदीचा डाग पडलेला सदरा उन्हात वाळवला की डाग फिका होतो असे आई म्हणते, तो उन्हाने होतो, उष्णतेने होतो की नुसत्या वाऱ्याने? या शेवटच्या प्रश्नासाठी एका मुलाने पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ती उन्हात ठेवावी आणि दुसरीने तशीच पट्टी गरम तव्याजवळ पण अंधारात ठेवावी, एवढे सुचले की विज्ञानाच्या इतिहासातील पुष्कळ मोठ्या प्रयोगांची रचना मुलांनी नकळत गिरवली असे समजावे. डाग घालवणारा प्रकाश आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

हळदीचाच याहून गहन प्रश्न हरिपूरच्या पेवांचा आहे. जमिनीखाली खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळ पेवांची नासाडी केली. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, काही काळ ते उघडे ठेवावे, हा जुना शिरस्ता, आणि तो मोडणाऱ्यांचे प्राण गुदमरून गेल्याच्या हकीकती धान्याच्या पेवांबाबत ठिकठिकाणी ऐकू येतात. आठवीच्या वर्गाने याची लहान प्रतिकृती करावी: मोड आलेली मटकी झाकणाच्या बाटलीत एक दिवस बंद ठेवावी, झाकण काढून जळती काडी आत न्यावी, आणि ती विझते हे पाहावे. धान्य जिवंत आहे, ते श्वास घेते, म्हणून बाटलीतला प्राणवायू संपला, इथपर्यंत सगळे ठीक. परंतु हळद पेवात जाण्यापूर्वी शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली असते. ती तर मेलेली. मग पेवातला प्राणवायू कोणी संपवला? आता उकडलेली मटकी आणि न उकडलेली मटकी अशा दोन बाटल्या लागतात, तिसरी रिकामी बाटली लागते, आणि उकडलेली मटकी दोन-तीन दिवसांनी आंबली व तिच्या बाटलीतही काडी विझू लागली म्हणजे बुरशी, सूक्ष्म जीव, किडे अशा नव्या आरोपींची नावे पुढे येतात. या प्रश्नाचा निकाल एका वर्गात लागणार नाही. लागावा अशी अपेक्षाही नाही.

साताऱ्याकडे पाऊस आहे. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि माणदेशात, दहिवडीकडे, तो पाचशेच्या आसपास थबकतो. एवढी तफावत इतक्या थोड्या अंतरात फार ठिकाणी मिळणार नाही. दोन्हीकडच्या शाळांनी पर्जन्यमापक करावयाचे ठरवले की पहिला खल भांड्याच्या तोंडावरून होतो. रुंद तोंडाच्या डब्यात जास्त पाऊस पडेल, तेव्हा सर्वांनी सारख्याच तोंडाचे डबे घ्यावेत, असे बहुतेक मुले म्हणतात. त्यांना तसे करू द्यावे, पण एकाने हट्टाने उभ्या भिंतींचा एक अरुंद आणि एक रुंद डबा शेजारी शेजारी ठेवला तर त्यालाही अडवू नये. दोहोंत पाण्याची उंची सारखीच भरते हे पाहिल्यावर पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात, लिटरमध्ये का मोजत नाहीत, हे त्या वर्गाला निराळे शिकवावे लागत नाही. सांगलीच्या मुलांना उंचीची ही भाषा उपजतच येते. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आले हे घराघरांत विचारले जाते, पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी त्यांना पाढ्यासारखी पाठ असते, आणि २०१९ साली पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले ते त्यांच्यापैकी थोरल्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

मिरजेच्या सतारमेकरांचा भोपळा आणि तार, तासगावकडे बेदाणा करताना द्राक्षे ज्या द्रावणात बुडवतात ते द्रावण, यांचे प्रयोग ज्याने त्याने आपल्या गावात शोधावेत. द्राक्षाच्या सालीवरचा मेणासारखा थर त्या द्रावणाने सैल होतो आणि म्हणून पाणी लवकर उडते, एवढा इशारा पुरेसा आहे. तराजू आणि चार दिवस मिळाले तर बाकीचे मुले करतील.

यावर आक्षेप दोन प्रकारचे येतात, प्रामाणिक आणि सोयीचे. सोयीच्या आक्षेपांत पहिला असा की मुलांच्या कल्पनांना वाव देण्यासाठी विज्ञान प्रदर्शने आहेतच. तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढत जाणारी ही प्रदर्शने, राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद, मुलांना कल्पनेसाठी दहा हजार रुपये देणारी इन्स्पायर-मानक योजना, २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा, या सर्वांचा हेतू स्तुत्य आहे. परंतु प्रदर्शनाच्या मांडवात फेरी मारणाऱ्यास थर्माकोलचे धरण, थर्माकोलचा ज्वालामुखी आणि थर्माकोलचे आदर्श गाव यांचीच रांग दिसते, आणि त्यापैकी किती प्रतिकृतींमागे एखादा प्रश्न होता याची चौकशी परीक्षकही फारशी करीत नाहीत. प्रतिकृती माहिती दाखवते; प्रयोग माहिती मिळवतो. वडिलांच्या आणि शिक्षकांच्या हातांनी रात्री जागून रंगवलेल्या धरणापेक्षा, कुंड्यांतली मटकी का उगवली नाही याचा हिशेब मांडणारी मळकी वही वरच्या क्रमांकास पात्र ठरली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रामाणिक आक्षेप वेळेचा, सामानाचा आणि परीक्षेचा आहे. प्रयोगशाळेतील प्रत्येक काचेच्या नळीची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात असते. ती फुटली तर तपासणीच्या वेळी जबाब शिक्षकास द्यावा लागतो, सबब कपाटाला कुलूप लावून ठेवणे हाच शहाणपणा ठरतो. यास आमचे उत्तर असे की वर वर्णिलेल्या एकाही प्रयोगाला त्या कपाटाची किल्ली लागत नाही. परीक्षेचा आक्षेप अधिक कठीण. पण त्याचेही उत्तर देशात एकदा देऊन झालेले आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ साली सोळा सरकारी उच्च प्राथमिक शाळांत, नेमक्या सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ साली तो साऱ्या जिल्ह्यास लागू झाला आणि १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे तो सांभाळला. त्यात मुले गटागटाने प्रयोग करीत, पुस्तक उघडे ठेवून लेखी परीक्षा देत आणि प्रयोगाची परीक्षा निराळी होई. अरविंद गुप्ता यांचे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून आकृत्या उभारण्याचे कसब याच वातावरणात फुलले, आणि पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रातून ते महाराष्ट्रातल्या मुलांपर्यंत पोचले. सरकारने २००२ साली हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेली आणि सरकारी शाळांतच चाललेली गोष्ट अव्यवहार्य होती असे मात्र त्यावरून म्हणता येणार नाही. आमच्याच फलटणमध्ये मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या कमला निंबकर बालभवनानेही मुलांच्या बोलण्याला आणि विचारण्याला शिक्षणात मानाचे स्थान देता येते हे दाखविलेले आहे.

शिक्षकाचे काम यात कमी होत नाही, उलट वाढते, आणि त्याचे स्वरूप पालटते. मुलाची रचना सदोष असली तरी ती प्रथम त्याला करू द्यावी. दोष त्याला दिसेल असा एखादाच प्रश्न विचारावा. आणि वहीत जे दिसले तेच लिहिले आहे ना, एवढ्याच बाबतीत अतिशय कडक राहावे. पुस्तकाशी जुळावे म्हणून बदललेला आकडा हा या साऱ्या उद्योगातील एकमेव गुन्हा होय, आणि तो बहुधा शिक्षकाला खूश करण्यासाठीच घडतो, हे शिक्षकाने ध्यानात ठेवावे.

प्रयोगांकडे वळण्यापूर्वी काही गोष्टींची ताकीद देणे आवश्यक आहे, कारण मुभा देणाऱ्यानेच मर्यादाही सांगावयास हवी. कळीच्या चुन्यात पाणी घालण्याचे काम मुलांनी करू नये. तो उसळतो, आणि डोळ्यांत गेल्यास डोळा गमावण्याची पाळी येते. घरातील विजेच्या जोडणीस हात लावू नये, विजेचे सर्व प्रयोग टॉर्चच्या सेलवर करावेत. ज्योत असलेल्या प्रयोगाजवळ वाळूची बादली आणि मोठे माणूस, दोन्ही असावीत, आणि मुलींनी ओढणी व वेणी मागे बांधावी. नदीच्या पाण्याची पातळी पूर नसताना, काठापासून दूर राहून आणि शिक्षकांबरोबरच पाहावी. आणि जुने पेव कोठे उघडे आढळले, तर त्यात काडी, कंदील किंवा स्वतःस उतरवून पाहण्याचा प्रयोग कोणीही, कोणत्याही कारणाने, करू नये.